आईने चाखलेला घास

प्रिय मनू,

आज सर्वपित्री अमावास्या. पूर्वजांचे तर्पण केले. पण तुझे नाव कुठे घ्यावे, हे मला उमगेना. सात वर्षांच्या नातीचे श्राद्ध आपल्या परंपरेत नाही. जन्मभर पोथ्या वाचलेल्या आजोबाला तुझ्यासाठी एकही विधी सापडू नये! म्हणून हे पत्र. आरंभी सवयीने ‘चिरंजीव’ लिहिणार होतो; हात थांबला.

आईने आपल्या यकृताचा भाग तुला दिला आणि तू मुंबईहून रेवदंड्याला परतलीस, तेव्हा तुझे पिवळे डोळे पांढरेशुभ्र झाले होते. ते पाहायला ओटीवर किती माणसे जमली!

नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून औषधे तुझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवीत. कच्चे, न उकळलेले काही चालत नसे. मग मी तीर्थही उकळून देऊ लागलो. शेजारचे दत्तूभाऊ म्हणाले, “शास्त्रीबुवा, तीर्थ नि चहा आता एकाच शेगडीवर काय?” मी आपद्धर्म समजावू लागलो, तोच तू विचारलेस, “आजोबा, देवाला चटका बसला असेल ना?” दत्तूभाऊंना ठसका लागेपर्यंत हसू आले, आणि माझा आपद्धर्म तिथेच राहिला.

संध्याकाळी स्तोत्र म्हणताना मध्येच विसरलीस, की “पुढचं देवाला येतं” असे सांगून उठायचीस. किती रागवायचो मी! आज ते अर्धे स्तोत्रच कानांत राहिले आहे.

मग तुझ्या मानेत गाठी आल्या. पुष्कळांच्या अंगात निपचित पडून असणारा एक विषाणू तुझ्या दुबळ्या केलेल्या शरीरात मोकाट सुटला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी अनावर वाढल्या, असे डॉक्टर म्हणाले. औषध कमी करावे तर यकृताला धोका, न करावे तर गाठी वाढणार! त्यांनी औषध कमी केले, दुसरे उपचारही केले. कित्येक मुले यातून बरी होतात, मनू. तू का नाही थांबलीस?

तो विषाणू लाळेतून पसरतो, हे तुझ्या आईने ऐकले. तुला भरवताना ती प्रत्येक घास आधी ओठाला लावून बघायची, फार गरम नाही ना म्हणून. आपल्या घरात सगळ्याच आयांनी तसे केले. आता ती म्हणते, “बाबा, मीच दिलं तिला ते.” डॉक्टर म्हणाले, “कुठून आला, कुणीच सांगू शकत नाही. शाळेतून, शेजारून, कदाचित यकृताबरोबरही.” ते शेवटचे ऐकून ती पार मिटली.

तुझी धाकटी बहीण, दात नव्हते म्हणून जिला तू ‘म्हातारी’ म्हणायचीस, आता वरणभात खाते. आई तिला हात लांब करून चमच्याने भरवते. पापा घेत नाही. काल पोरीने आपल्या मुठीतला भात आईच्या तोंडाशी नेला. आईने मान फिरवली. पोर रडली नाही. हात तसाच धरून बसली.

आता पाने मांडली जात आहेत. मी कधी कुणाचे उष्टे खाल्लेले नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. आज धाकटीला मांडीवर घेईन. तिच्या मुठीतला अर्धा घास, सगळ्यांदेखत, आधी मी खाईन. उरलेला तुझ्या आईकडे करीन. तिने मान फिरवली, तर उद्या पुन्हा. संध्या चुकेल एखाद्या दिवशी; हे चुकणार नाही.

तुझ्याआधी जायला हवा होता, तो तुझा
आजोबा