घरभेटीचं पाणी

मॅडम, ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल, पण मी आता समाजकार्य दूरशिक्षणातून शिकवते. "पत्रानं कोणाले पोहणं शिकवता येते काय?" असं तुम्ही भर वर्गात म्हणाला होतात आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते. आता विद्यार्थी मोबाईलच्या पडद्यावर दिसतात, त्यातले अर्धे कॅमेरा बंद करून बसतात, आणि मला तात्यापारा मोहल्ल्यातल्या तुमच्या घरचं स्वयंपाकघर आठवतं. दर शनिवारी आमच्या घरभेटींच्या वह्या तुम्ही तिथेच तपासायचात. तुम्ही तूरडाळ निवडताय, मी पाटावर बसून माझा पाच पानी अहवाल वाचतेय. कुटुंबाचं उत्पन्न, आजारपण, शाळा सुटलेली मुलगी, काही सुटलेलं नाही. शाबासकीची वाट पाहतेय, आणि तुम्ही विचारता, "त्यायच्या घरचं पाणी प्याली काय?" माझी बाटली सोबत होती, असं मी सांगते. "काहून? मंग त्या घरात तू गेलीच कुठं? दारातूनच वापस आली. बाटली इथं ठेव अन् परत जा." आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच फार लागलं. एवढ्या एका प्रश्नात माणूस ओळखणारी शिक्षिका मला पुन्हा भेटली नाही.

परवा एका विद्यार्थिनीला नापास करायला निघाले होते. सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, दोन मुलांची आई आहे. तिचे घरभेटींचे सगळे अहवाल स्वतःच्याच गल्लीतले. घरबसल्या लिहिले असणार, असं मी धरूनच चालले. लाल पेन उघडलं आणि शेवटची संधी म्हणून तिला फोन लावून तुमचाच प्रश्न विचारला. ती गोंधळली. "मैडम, उनके घर नल कहाँ है? पानी तो वो लोग मेरे यहाँ से भरते हैं." मी लाल पेनाला टोपण लावलं. आम्ही बसनं ज्या घरांपर्यंत जायचो, त्यांच्या शेजारीच ती राहते. तुमचा वर्ग मला अजूनही मोठाच वाटतो, पण हे त्या वर्गात बसून कळलं नसतं. मी तिला पास केलं. तुम्हीही केलं असतंत.

पण सही करताना माझा हात अडला, त्याचं कारण ती नव्हती. तुम्ही परत पाठवलंत तेव्हा त्या घरच्या बाईनं मला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं होतं. त्यांचं आडनाव मला ठाऊक होतं, आणि आमच्याकडे त्या आडनावाच्या घरांतलं पाणी कोणी पीत नसे. ती आत वळली तशी मी पेला दाराबाहेर रिता केला. शनिवारी तुम्ही विचारलंत, "प्याली?" मी "हव" म्हणाले, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून सही केलीत. त्या लाजेपायी पुढे प्रत्येक घरी पाणी मागून प्याले. हे पत्र टपालात न टाकता घरभेटीच्या त्याच वहीत, तुमच्या सहीच्या पानाशी ठेवतेय. त्या एका घरी मात्र मी पुन्हा कधी गेले नाही.