सुमनचा ग्लुकोजचा डबा

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, यवतमाळ

दारू सोडून एक्केचाळीस दिवस झाले. लोक शाबासकी देतात. आज मात्र बायकोकडे पाहायची हिंमत होत नाही.

सुमनला शुगर आहे, इन्सुलिन घेते. साखर एकदम उतरली तर असावा म्हणून ग्लुकोजचा डबा आलमारीत असतो. दारू सुटली आणि मला गोडाची विलक्षण ओढ लागली. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, वेळेवर जेवा, फुटाणे जवळ ठेवा. मी काय केलं? कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला, तिथं दिवसभर भावावरून लोकांच्या शिव्या खायच्या आणि घरी येऊन त्या डब्यातलं चमचा-चमचा चोरून खायचं. तिच्या औषधातलं!

आज संध्याकाळी सुमनला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. डबा उघडला तर रिकामा. घरात साखर ठेवतच नाही. शेजारच्या वहिनींनी धावत साखरपाणी आणलं, तेव्हा ती सावरली.

"डबा कोनं संपवला जी?"

"मुंग्या झाल्या होत्या, फेकून देला." किती सहज बोललो मी! पिण्याच्या दिवसांत असंच बोलायचो.

"बरं केलं," ती म्हणाली. त्या 'बरं केलं'नं मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

तिनं रिकामा डबा आलमारीत परत ठेवला. मग म्हणाली, "मागून खायचं होतं. चोरून कायले? दारू तं अशी चोरून पेत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नाही. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.