आईचा उलटा रुपया

मंगळवार, माकणी. दिवेलागणीनंतर.

देव्हाऱ्यातला निजामाचा रुपया आज शेजारच्या रशीदचाचांना दाखवला. आई होती तोवर ती तो लक्ष्मी म्हणून पुजायची. त्यावरची उर्दू अक्षरं मला वाचता येत नाहीत.

चाचांनी विचारलं, "देवापुढं कसा ठेवतोस?"

आई ठेवायची तसा ठेवून दाखवला. ते हसले. "अरे, तुमची लक्ष्मी इतकी वर्सं डोक्यावर उभी हाय की."

घरी येऊन सुलटा केला, दिवा लावला. पण हात जुळेनात. आईच्या कुंकवाचा जुना डाग वरच्या कडेचा खाली गेला होता. समोर कुणी तोंड फिरवून बसल्यासारखं वाटलं. चूक कुणाची, आईची की माझी?

शेवटी पुन्हा उलटा ठेवला. डाग वर आला, हात जुळले. पण मान वर करवत नाही. मी तो एकदा फिरवला, हे आईला कळलंय.