आधी चोख्खुं, मग चोकठुं

डहाणू रोड,
ता. १२ जानेवारी १९६१

तीर्थस्वरूप दाजी यांस,

सूर्यकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे माझं तोंड सोडून सर्व क्षेम आहे. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला यांपैकी जे आधी बरं झालं असेल ते कळवावं. वसूच्या लग्नाची पत्रिका पोचली. माघातला मुहूर्त वाचून आनंद झाला. (हा आनंद किती टिकला ते पुढे येईलच.) खरं तर एस.टी.त बसून तलासरीला समक्षच आलो असतो, पण तोंडात अकरा टाके आहेत आणि बोलायला बंदी आहे. घरात पाटी-पेन्सिलीवर कारभार चालतो. सौ.ने परवापासून पाटी पुसायचं फडकं लपवून ठेवलं आहे, म्हणून हे पत्र कागदावर.

दाजी, तुम्हाला ठाऊकच आहे की गेली बावीस वर्षं या गावात नोकरदारांच्या घरचं एकही लग्न माझ्या मंगलाष्टकांवाचून लागलेलं नाही. शाळेत मला कोणी विचारो न विचारो, मांडवात मात्र माझी वाट बघत असत. ते सगळं दातांबरोबर गेलं. गेल्या वैशाखात मामलेदार कचेरीतल्या कारकुनाच्या लग्नात नवरदेव सदाशिव होता, त्याचा माझ्या तोंडून 'हदाहिव' झाला आणि मुलीकडच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्याच मांडवात आमचे शेजारी एकनाथराव (रेल्वेच्या बुकिंगातले, तुम्ही त्यांना ओळखता, फार सज्जन आहेत म्हणून सगळीकडे सांगतात) मुंबईहून नवी कोरी कवळी बसवून आले होते. कोणीतरी त्यांना पुढे ढकललं. बावीस वर्षं माझ्या मागे उभं राहून ज्याने नुसत्या अक्षता टाकल्या, तो माणूस गायला! आणि वाईट गायला असता तर मी मोठ्या मनाने क्षमाही केली असती.

तेव्हापासून गावाला त्यांचे दात सोडून दुसरं काही दिसत नाही. तिकीट देताना ते हसतात म्हणून लोक सुटे पैसेसुद्धा तपासत नाहीत. हिराबाई कोळीण पाटी उतरवते ती त्यांच्या ओट्यावर. पापलेटं तिथे संपतात आणि मग आमच्या दारात येऊन म्हणते, "मास्तर, तुमाला बोंबीलच बरं. काटा नाय न् चावायचा तरास नाय." आमची सौ.सुद्धा एकदा म्हणाली की एकनाथराव दहा वर्षांनी लहान दिसतात. दातओठ खावेत म्हटलं तर ओठ तेवढे शिल्लक होते. मला जळजळ झाली, दाजी. पित्ताची नव्हे. तुमच्यापाशी काय लपवायचं?

म्हणून वलसाडहून दर रविवारी येणाऱ्या पारशी दाक्तरांना तोंड दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, हिरडी बोटाने दाबली, मान हलवली आणि म्हणाले, "जुओ मास्तर, पेल्लां चोख्खुं, पछी चोकठुं." आता चोकठुं म्हणजे गुजरातीत कवळी, हे इकडे शेंबडं पोरही जाणतं. मी ऐकलं ते असं, की आधी एक चोकठुं, मग आणखी एक चोकठुं. दोन! एकनाथरावांची एक आणि माझ्या दोन! मी त्यांना पुढचं काही विचारलंच नाही. कबूल, कबूल, म्हणून बाहेर पडलो आणि तडक स्टेशनावर गेलो. तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून सांगितलं की आमच्या दोन होणार, एक शाळेसाठी आणि एक लग्नकार्यासाठी. एकनाथराव म्हणाले, "अहो, मला तर एकच दिली." ते वाक्य मी आठवडाभर जपून ठेवलं होतं. कधी नव्हे ते शाळेत कोणाला छडी मारली नाही.

रविवारी खुर्चीत बसलो. सुया टोचल्या, गालाचा पार दगड झाला. दाक्तरांनी उरलेले सात खुंट एकेक करून काढले. मला वाटलं, आता पहिली कवळी येईल. तर हिरडी चिरून त्यांनी कानशीसारखं काहीतरी आत घातलं आणि खालचं हाड घासायला लागले. आपल्याकडचा सुतार चौकट बसवण्याआधी उंबरा तासतो ना, तसा आवाज माझ्या स्वतःच्या डोक्यात येत होता. हाडाला कंगोरे होते म्हणे. त्यांवर कवळी बसवली असती तर ती डगमगली असती आणि हिरडी सोलली असती. मी हात हलवून विचारलं, हे काय चाललंय? तर ते प्रेमाने म्हणाले, "चोख्खुं, मास्तर, चोख्खुं! एकदम साफ!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चोख्खुं म्हणजे स्वच्छ. दोन कवळ्या नव्हत्याच. एक होती ही साफसफाई, आणि कवळी तीन महिन्यांनी. हाड आणि हिरडी भरून आल्याशिवाय मापसुद्धा घ्यायचं नाही. इतका तोंडघशी मी आयुष्यात पडलो नव्हतो, आणि ओरडायला तोंड माझ्या ताब्यात नव्हतं.

आता मऊ भात आणि पेज यांवर आहे. सूज उतरते आहे. काळजी नसावी. ताईस नमस्कार, वसूस अनेक आशीर्वाद.

आपला,
सूर्यकांत

ता. क. मुहूर्त माघाऐवजी वैशाखात मिळाला तर पाहावा. वैशाखातली लग्नं टिकतात असं ऐकलं आहे. शिवाय तीन महिने तेव्हा पुरे होतात.

ता. क. २. मुलाकडचे अडून बसले आणि माघच धरला, तर मंगलाष्टकं नुसती भटजींनी म्हणावीत. एकनाथरावांना आमंत्रण द्या, जेवायला घाला, पण पुढे उभं करू नका. माझ्या भाचीच्या लग्नात ते उभे राहिलेले मला बघवणार नाहीत.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालत होतो तोच एकनाथराव आले. आठ दिवस आमच्याकडची पेज त्यांच्याच घरून येते, हे सांगायचं राहिलं. म्हणाले, तुमच्या ताईंनी वसूसाठी मला गायला सांगितलंय, पण मास्तर, मला कडवी रचता येत नाहीत, तुम्ही लिहून द्या. मी दिली. शंकर, शेषशायी, सरस्वती, सुरेश, जेवढे म्हणून 'श' आणि 'स' सुचले तेवढे कोंबले. कवळी निसटायलाच पाहिजे होती. त्यांनी ओट्यावर उभं राहून सगळं गाऊन दाखवलं. एक अक्षर हललं नाही. वसूचं नाव आलं तिथे मी टाक्यांसकट रडलो.

मुहूर्त माघातलाच राहू द्या. त्यांनाच गाऊ द्या. मामा म्हणून मी वसूच्या मागे उभा असेन. शेवटचं 'सावधान' सगळा मांडव मिळून म्हणतो. त्या गलक्यात माझंही जाऊ देईन, कोणाला कळणार नाही.