मेनूच्या तळाशी

४ नोव्हेंबर
आजपासून अंबरनाथ! प्रीतीने शब्द टाकला नसता तर ही नोकरी मला मिळालीच नसती. आधी तीच इथे शिकवायची. मुलगा झाल्यावर जमेना, तेव्हा तिने गुरुदत्त सरांना सांगितलं, माझी कॉलेजची मैत्रीण आहे तेजस्वी, तिला घ्या. सर कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ते बायकांसाठी कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. बारा मशीन, सगळी उल्हासनगरहून सेकंडहँड आणलेली. झाडलोट आणि चहा सरस्वतीबाईंकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘टीचर’ म्हणून हाक मारली, इतकं बरं वाटलं!

६ नोव्हेंबर
मशीन एवढी जुनी की नवीन काही टाकलं तर धापा टाकतील. म्हणून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स आणि पडदा सांभाळणारा एक अगदी हलका विंडो मॅनेजर बसवलाय. खाली पट्टी नाही, चित्रं नाहीत, नुसता करडा पडदा. रिकाम्या जागी माउसचं उजवं बटण दाबलं की मेनू उघडतो. हा मेनू म्हणजे एक नंबरच्या मशीनवरची साधी टेक्स्ट फाइल, बाकीची अकरा तिथूनच वाचतात. एका ओळीत नाव, आणि ते दाबलं की काय चालवायचं ती आज्ञा. प्रीतीचा मुद्दाम फोन आला. बायकांना इंग्रजी अडतं, मेनू तू मराठीत कर, अगदी तुझ्या हाताने, म्हणाली. दिवसभर तेच केलं. ‘लिहा’, ‘चित्र काढा’, ‘गाणी’, ‘इंटरनेट’, त्यांच्या आत पोटमेनू. संध्याकाळच्या बॅचने टाळ्या वाजवल्या.

७ नोव्हेंबर
मेनूच्या तळाशी मी न लिहिलेली एक ओळ दिसली, ‘प्रीती’. आत तीन पर्याय : ये, बस, ऊठ. आज्ञा मात्र कुठलीच लिहिलेली नाही. तिचीच जुनी गंमत असणार म्हणून हसत ‘ये’ दाबलं.

पाऊण तासाने प्रीती दारात उभी. बदलापूरहून, थेट खरवईतल्या घरून. पायात चप्पल नाही, हाताला कणीक. मी हाक मारली तर डोळ्यांत ओळख नाही. मग एकदम दचकली आणि किंचाळली. तिचा मुलगा यज्ञेश घरात एकटा होता, गॅस चालू होता. आम्ही दोघी रिक्षाने धावलो. दीड वर्षाचं पोर रडून लाल झालं होतं, तव्यावर पोळीचा कोळसा. मी माफी मागत होते. तिने एवढंच विचारलं, मेनू लिहून झाला का. हो म्हटलं तर मला मिठी मारून रडायला लागली.

११ नोव्हेंबर
डबा खाऊन वर आले. सरस्वतीबाई म्हणाल्या, प्रीती मॅडम येऊन गेल्या, दोन मिनिटं एक नंबरवर बसल्या. मला न भेटता? मेनू उघडला. तळाशी ‘प्रीती’ नाही.

‘तेजस्वी’ आहे.

१२ नोव्हेंबर
फळ्यावर लिहीत होते, आणि पुढच्या क्षणी जमिनीवर बसलेली, हातात खडू तसाच. बायका हसत होत्या. त्यांतल्या उमाताई म्हणाल्या, “टीचर, मी तुमचं नाव दाबलं तर तुम्ही खरंच बसलात की!” कुणीतरी ‘ऊठ’ दाबलं. मी उठले नाही. माझे पाय उठले.

ती ओळ पुसली. मशीन बंद करून चालू केलं. ओळ परत तिथेच.

१४ नोव्हेंबर
प्रीतीने शेवटी फोन उचलला. लपवलं काहीच नाही. ती ओळ पुसता येत नाही, फक्त नाव बदलता येतं, आणि ज्याने ती फाइल स्वतःच्या हाताने लिहिली असेल त्याचंच नाव तिथे टिकतं. म्हणून मराठी मेनू. म्हणून ही नोकरी.

मीच का, विचारलं.

“तुला घरी कुणी नाही ना गं. तुला बोलावलं तर कुणाचं अडणार आहे?”

तिच्या लग्नात करवली म्हणून मी उभी होते.

१५ नोव्हेंबर
सकाळी सरांना फोनवर सगळं सांगितलं, ते मशीन काढून टाका म्हटलं. दमला आहात, सुट्टी घ्या, म्हणाले. म्हणून मी विठ्ठलवाडीला माझ्या घरीच राहिले. दुपारी भानावर आले ती वर्गात. अनवाणी. तळवे सोललेत. नव्या बॅचमधल्या एकीने सहज ‘ये’ —

१६ नोव्हेंबर
प्रीतीचाही हात लागलाय त्या फाइलला. म्हणजे तिचं नाव परत टाकता येईल. टाकलं. सेव्ह करायचं बाकी होतं. आणि ते पोर, तो गॅस — नाही जमलं. पुसलं.

तिला फोन करून सांगितलं, मी करू शकत होते, केलं नाही. का सांगितलं मी? ती मग म्हणाली, परवा दुपारी क्लासवर येते.

१८ नोव्हेंबर
दोन वाजलेत. आज क्लास नाही. प्रीती आली, कडेवर यज्ञेश. मला वाटलं, माफी मागेल. सरळ एक नंबरला गेली आणि ‘बस’ दाबलं.

पाय हलत नाहीत. हात हलतोय. पर्समधून वही काढली —

तुझा काय भरवसा, म्हणाली. आज माझं नाव नाही टाकलंस, उद्या टाकशील.

माझ्या नावाखाली चौथा पर्याय टाइप करतेय. इकडे बघू नकोस म्हणते. दिसतंय मला. ‘विसर’.

ओरडले. खाली कुणी नाही —

प्रीती, तूच मला इथे — तू मला —

समोर एक बाई बसली आहे. मांडीवर गोड मुलगा. डोळे पुसतेय बिचारी. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. मेनू छान झालाय म्हणाली. स्वभावाने चांगली असावी. तिचं नाव