तोरगुलच्या भिंतीतला पंप

२ जानेवारी
पोचलो क्वेट्ट्याला! सिंधमधल्या सक्करच्या उन्हात वाढलेल्या माणसाला नळात गोठलेलं पाणीसुद्धा गंमत वाटते. उद्यापासून गॅस कंपनीची नोकरी. घरमालक शाहझमान काकांनी वाळवलेल्या मटणाचा रस्सा आणि हिरवा चहा पुढे केला. माझा कोट चिमटीत धरून म्हणाले, "सिंध्या, हा कोट आहे की मच्छरदाणी?" वरची खोली दिलीय. हीटर आहे; खिडकीला गज आणि न उघडणारी काच, पण ऊन येतं. मी खूश.

७ जानेवारी
हीटरची ज्योत करंगळीएवढीही उरलेली नाही. शेजारच्या तोरगुल कसायाने भिंतीत पंप बसवलाय. तो घरघरला की लाइनीतला गॅस सगळा त्याच्याकडे, आणि गल्लीतल्या चुली मरतात. असे पंप काढणं हेच माझं काम. आज काढला. तोरगुल गयावया करत होता: आई अंथरुणाला खिळलीय, चार दिवस थांबा. गल्लीतही आया आहेत, म्हटलं. लोकांनी माझी पाठ थोपटली.

१० जानेवारी
पंप गेला, पण गॅस आलाच नाही. मुख्य लाइनच मागून कोरडी. गल्लीला मात्र वाटतंय की गॅसची चावी मीच बंद केली, असं काका सांगत होते. तोरगुलची आई आज सकाळी गारठून गेली. मयतीला गेलो, तर माझ्या शेजारी कुणी उभं राहिना.

१२ जानेवारी
दार वाजलं, उघडलं. तोरगुल आणि त्याचे दोन भाऊ. काका धावत जिना चढून आले, मध्ये पडले. लोखंडी पान्याने त्यांचं कपाळ फोडलं. पाय झाडत होते, मग — नाही. माझा उजवा हात उंबऱ्यावर दाबून तोच पाना, पुन्हा पुन्हा. डाव्या हाताने लिहितोय. हीटरची नळी उपटली. गॅसची चावी उघडी ठेवून मोडून टाकली. बाहेरून कडी. जाताना तोरगुल म्हणाला, "गॅस आला की हाक मार हां, साहेब."

१३ जानेवारी
ओरडलो. गल्लीत माणसं होती. खिडक्या लावून घेतल्या, बस. काका दाराबाहेरच — रक्त फटीतून आत आलं, गोठलं.
अख्खं शहर गॅस यावा म्हणून दुआ मागतंय. मी, येऊ नये म्हणून.

१४
आला. फुस्स करून —
पाइपात मफलर कोंबला. एका हाताने बसत नाही. डोकं —
खाली तोरगुल. काठीला पेटता बोळा. वर बघतोय. काच फोडली तर तो बोळा आत — नाही फोडली तर श्वास —
गल्लीत बायका नाचताहेत. आला, आला!
कुणीतरी तोरगुलच्या हातात दगड दि—