डेलियाची सातवी पाकळी

वहिनींस,

दादा चारचौघांत म्हणायचा, "हा आमचा फ्रेमवाला. ह्याने खिळे ठोकावेत, चित्रात नाक खुपसू नये." तुम्हीही हसायचात.

तो गेल्यावर त्याने काढलेलं डेलियाच्या फुलांचं चित्र तुम्ही माझ्याकडे फ्रेमला दिलंत. बसवताना माझ्या अंगठ्याने खालच्या फुलाची सातवी पाकळी निखळली. जाड लाल रंगाचा चुरा झाला. मी, कुणाकडेही न शिकलेला माणूस, रंगाच्या बोथट सुरीने रंग लिंपून नवी पाकळी केली. अकराव्या खेपेला जमली.

तेव्हापासून तुम्ही रोज तिलाच बोट लावता. म्हणता, "भावजी, बाकीच्या पाकळ्या कडक झाल्या, ही अजून मऊ आहे. इथंच ते उरलेत." जाड तैलरंग आतून वाळायला दोन वर्षं लागतात, एवढंच त्याचं कारण. पण ते सांगितलं तर दादा तुमच्यासाठी पुन्हा जाईल. नाही सांगितलं तर माझ्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम जन्मभर त्याच्याच नावावर राहील.

काल तुमचा फोन आला. "भावजी, तीही आता कडक लागतेय हो," म्हणालात आणि रडलात. मी येतो म्हणालो.

हे पत्र खणात ठेवतो आहे. पिशवीत सुरी आणि लाल रंगाची ट्यूब घेतली आहे.

तुमचा,
फ्रेमवालाच